प्लॅटिनमची प्रत आणि इमर्सनची माघार

कलेच्या प्रांतांत एखाद्या ग्रंथकारानें आपलेंच मत चारचौघांत मागें घ्यावें, आणि तेंही तें लोकांस पटूं लागलें असतांना घ्यावें, अशीं उदाहरणें फार थोडीं. छायाचित्रणाच्या इतिहासांत असें एक आहे. पीटर हेन्री इमर्सन (अमेरिकेचा तत्त्वचिंतक इमर्सन तो निराळा) हा १८५६ सालीं क्यूबांत जन्मला, इंग्लंडांत वैद्यक शिकला आणि पुढें वैद्यक सोडून कॅमेऱ्याच्या नादीं लागला. १८८९ मध्यें त्यानें 'नॅचरॅलिस्टिक फोटोग्राफी' हा ग्रंथ लिहिला व छायाचित्रण ही चित्रकलेच्या पंक्तीस बसणारी कला आहे असा पक्ष मोठ्या आवेशानें मांडला. त्यास दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८९१ च्या आरंभीं, शोकपत्रासारखी काळी किनार छापलेलें एक लहानसें पुस्तक काढून त्यानें तो पक्ष आपल्यापुरता मेला असें जाहीर केलें.

या माघारीचें कारण विलक्षण होतें. विड्नेस या गांवीं क्षारांच्या कारखान्यांत काम करणारे फर्डिनंड हर्टर व व्हीरो ड्रिफील्ड या दोघां स्नेह्यांनीं फावल्या वेळांत छायाचित्रणाच्या कांचांवर प्रयोग चालविले होते. त्यांचा निबंध १८९० मध्यें प्रसिद्ध झाला. कांचेवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर उमटणारा काळेपणा यांचें नातें ठराविक नियमानें बांधलेलें आहे; कांच रसायनांत अधिक वेळ ठेवली तर सगळाच काळेपणा वाढेल, परंतु त्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांमधील परस्पर प्रमाण छायाचित्रकाराच्या इच्छेनें बदलणार नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. इमर्सनची भिस्त नेमकी या प्रमाणावर होती. नदीवरचें धुकें, त्यामागची झाडी, तिच्याहि मागचें आकाश यांच्या छटा डोळ्यांस जशा भासल्या तशा कागदावर उतरविण्याचें स्वातंत्र्य आपल्या हातीं आहे, म्हणूनच आपण कलावंत, असें तो मानीत होता. तें स्वातंत्र्य दोघां कारखानदारी शास्त्रज्ञांनीं काढून घेतलें, तेव्हां कलावंत हें बिरूदहि त्यानें खालीं ठेवलें. त्यानें दिलेल्या कारणांपैकीं हें एक प्रमुख होतें.

ही जुनी हकीकत आज उकरून काढण्याचें कारण असें कीं, इमर्सनला जें स्वातंत्र्य नाकारलें गेलें तें गेल्या तीसएक वर्षांत छायाचित्रकाराच्या पदरांत पुरेपूर पडलें आहे. आणि योगायोग असा कीं, ज्या मुद्रणपद्धतीचा इमर्सन कट्टा पुरस्कर्ता होता तिच्याच दारानें तें आलें आहे. ती पद्धति प्लॅटिनमची, आणि तें दार म्हणजे डिजिटल निगेटिव्ह. संगणकावर सिद्ध केलेलें चित्र उलट करून पारदर्शक फिल्मवर शाईनें छापावयाचें, आणि ती फिल्म निगेटिव्ह म्हणून वापरून सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीच्या रीतीनें कागदावर प्रत काढावयाची, असा हा जुन्या-नव्याचा संसार आहे. त्याविषयीं कौतुक पुष्कळ कानीं येतें. चिकित्सा त्या मानानें कमी. ती येथें करावयाची आहे.

प्रथम प्लॅटिनमची प्रत म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे, कारण घरोघरच्या आल्बमांत जीं जुनीं काळीं-पांढरीं छायाचित्रें असतात तीं बहुतेक चांदीचीं. त्यांत कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो व चांदीचे कण त्या थरांत अडकलेले असतात. प्लॅटिनमच्या प्रतींत असा थरच नाहीं. फेरिक ऑक्झॅलेट नांवाचा लोहाचा क्षार आणि प्लॅटिनमचा किंवा पॅलेडियमचा क्षार यांचें मिश्रण साध्या पण उत्तम कागदावर पसरतात, आणि तें कागदाच्या तंतूंतच मुरतें. वाळलेल्या कागदावर निगेटिव्ह दाबून बसवून तो उन्हांत, किंवा जंबुपार किरणांच्या (ज्यांना आतां अतिनील म्हणण्याची रीत पडली आहे) दिव्याखालीं कांहीं मिनिटें ठेवला कीं, जेथें जेथें प्रकाश पोंचला तेथें तेथें लोहाचा क्षार पालटतो. मग पोटॅशियम ऑक्झॅलेटचें द्रावण त्यावर ओततात. पालटलेला लोहक्षार त्यांत विरघळतो, आणि विरघळतां विरघळतां शेजारच्या क्षारांतून शुद्ध धातु मोकळा करतो. अंधाऱ्या खोलींत चांदीचें चित्र हळूहळू उगवतें तसा प्रकार येथें नाहीं. द्रावण पडतांच चित्र एका क्षणांत सबंध उभें राहतें. शेवटीं सौम्य आम्लानें उरलेलें लोखंड धुवून काढलें म्हणजे कागदाच्या तंतूंत केवळ धातु राहतो. विल्यम विलिस या इंग्रज संशोधकानें या पद्धतीचें पहिलें पेटंट १८७३ मध्यें घेतलें व १८७९ मध्यें प्लॅटिनोटाइप कंपनी काढली. इमर्सनच्या नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशावरील १८८६ च्या ग्रंथांत अशा चाळीस प्रती आहेत.

प्लॅटिनमची प्रत ज्यानें प्रत्यक्ष पाहिली नाहीं त्याची एक समजूत दूर केली पाहिजे. धातु मोलाचा, तेव्हां चित्र झगमगीत असेल अशी कल्पना सहज होते. खरा प्रकार उलट आहे. प्रतीवर चमक बिलकुल नसते आणि तिच्यांतला काळा रंग फारसा गडदहि नसतो. चकचकीत चांदीच्या प्रतींत पांढरा भाग सर्वांत काळ्या भागाच्या शंभराहून अधिक पट प्रकाश परत पाठवितो. प्लॅटिनममध्यें हें प्रमाण पंचवीस-तीस पटींच्या आसपास येतें. म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची वाट येथें आंखूडच आहे. तिचें सौंदर्य असें कीं, या आंखूड वाटेवर कोठें धक्का बसत नाहीं. राखाडीच्या एका छटेंतून दुसरींत आपण केव्हां गेलों तें कळत नाहीं, आणि छटा कागदावर ठेवलेली न वाटतां कागदाचीच वाटते. दगडावरचा सकाळचा उजेड, वृद्धाच्या हाताची कातडी, पावसाआधींचें आभाळ असे विषय तिच्यांत खुलतात. दुपारच्या भर उन्हांतील बाजार तिच्यांत बहुधा मरगळतो.

आतां अडचण. या मिश्रणाला प्रकाशाची जाण इतकी मंद आहे कीं लहान निगेटिव्ह भिंगांतून मोठी करून तिचा प्रकाश कागदावर पाडण्याचा नेहमींचा उपाय येथें चालत नाहीं. निगेटिव्ह कागदास चिकटूनच ठेवावी लागते. म्हणून जेवढी प्रत हवी तेवढीच निगेटिव्ह पाहिजे. जुन्या लोकांनीं एक तर अवजड कॅमेरे वाहून नेले, नाहीं तर तळहाताएवढ्या प्रतींत समाधान मानलें. ज्यांना हें पटलें नाहीं त्यांनीं मधल्या पायऱ्या शोधल्या. एडवर्ड वेस्टन १९२३ ते १९२६ या काळांत मेक्सिकोंत असतांना लहान निगेटिव्हवरून मोठ्या निगेटिव्ह करून प्लॅटिनम-पॅलेडियमच्या प्रती काढी. १९६४ पासून आयर्व्हिंग पेन यानें ही पद्धति पुन्हां हातीं घेतली, तेव्हां तोहि मोठ्या केलेल्या निगेटिव्ह वापरी. एवढेंच नव्हे तर कागद ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवून, तोच कागद पुन्हां लेपून, तंतोतंत त्याच जागीं निगेटिव्ह बसवून दोन-दोन तीन-तीन वेळां छापी. मूळ निगेटिव्हखेरीज दुसरी कोणतीहि निगेटिव्ह वापरली कीं प्रत अशुद्ध झाली, असें जे आज म्हणतात त्यांनीं वेस्टन व पेन यांच्या प्रतींचें काय करावयाचें तें आधीं ठरवावें.

मधल्या काळांत या कलेस जी ओहोटी लागली ती रुचिपालटामुळें जितकी, तितकीच धातूच्या भावामुळें. पहिल्या महायुद्धांत प्लॅटिनम दुर्मिळ झालें. त्याचा मुख्य पुरवठा रशियाचा, आणि स्फोटकांसाठीं लागणारीं आम्लें करावयास तें हवें. तेव्हां स्वस्त म्हणून पॅलेडियमचा कागद निघाला. हाच स्वस्त पॅलेडियम २०१७ च्या अखेरीपासून कांहीं वर्षें, पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींच्या धुराड्यांतील मागणीमुळें, प्लॅटिनमहून महाग होऊन बसला होता. पॅलेडियमची छटा किंचित् उबदार, तांबूस, आणि प्लॅटिनमची थंड. बहुतेक छापणारे दोहोंचें मिश्रण करतात. खर्चाची ही बाजू विसरतां कामा नये, कारण डिजिटल निगेटिव्हच्या प्रसाराचें एक रोकडें कारण तेंच आहे. दहा प्रती वायां घालवून अकरावी साधण्याची चैन या धातूंत परवडत नाहीं.

१९९५ मध्यें डॅन बर्कहोल्डर या अमेरिकन छायाचित्रकाराचें डिजिटल निगेटिव्हवरील पुस्तक निघालें. त्या वेळीं छापखान्यांसाठीं फिल्म करणाऱ्या मोठ्या यंत्रांकडून निगेटिव्ह काढून घ्यावी लागे. पुढें टेबलावरचे शाईचे प्रिंटर इतके सुधारले कीं सारें काम घरांत होऊं लागलें. कामाची रीत थोडक्यांत अशी. कोऱ्या फिल्मखालीं लेपलेला कागद ठेवून, ज्याहून अधिक वेळ दिला तरी काळा आणखी काळा होत नाहीं असा कमींत कमी वेळ आधीं शोधावयाचा. मग तेवढ्या वेळांत कागद कोरा पांढरा राखील अशी शाई किती आणि कोणत्या रंगाची लागते तें पाहावयाचें. मग शंभरएक पायऱ्यांची राखाडी पट्टी फिल्मवर छापून तिची प्लॅटिनममध्यें प्रत काढावयाची, ती पुरती वाळूं द्यावयाची (वाळतांना प्रत थोडी काळवंडते, हें नवशिक्यास फार छळतें), एकेक पायरी मापावयाची, आणि मागितलेली छटा व मिळालेली छटा यांतील अंतर भरून काढणारी वक्ररेषा संगणकास द्यावयाची. एकदां ती बसली कीं त्या कागदापुरतें, त्या मिश्रणापुरतें आणि त्या दिव्यापुरतें पडद्यावरील कोणतेंहि चित्र हिशेबानें कागदावर उतरतें. हवेचा भरंवसा मात्र नाहीं. कागदांत दमटपणा किती आहे यावर काळेपणा व छटा दोन्ही हलतात. मुंबईच्या पावसाळ्यांत बसविलेली रेषा पुण्याच्या वैशाखांत तशीच लागू पडेल असें कोणीं धरून चालूं नये.

हर्टर आणि ड्रिफील्ड यांनीं १८९० मध्यें जी रेषा काढली तिचीच ही नात आहे. आजीनें सांगितलें होतें, असें आहे आणि असेंच राहील. नात म्हणते, कसें हवें तें सांगा.

या रीतीचे गुण मोकळ्या मनानें मान्य केले पाहिजेत. चांदीच्या कागदास जितका फरक असलेली निगेटिव्ह पुरते तिच्याहून पुष्कळच अधिक तीव्र निगेटिव्ह प्लॅटिनमला लागते. त्यामुळें चांदीसाठीं केलेली जुनी निगेटिव्ह प्लॅटिनमवर छापली कीं चित्र मऊ आणि राखेसारखें येई, आणि तें सांवरावयास मिश्रणांत पोटॅशियम क्लोरेट घालावें लागे. तें अधिक झालें कीं चित्रांत खरबरीतपणा येई. डिजिटल निगेटिव्ह मुळांतच हवी तितकी तीव्र करतां येते, म्हणून मिश्रण निर्भेळ राहतें. शाईचे ठिपके चकचकीत कागदावर उघडे पडले असते. येथें ते कागदाच्या तंतूंत विरून जातात, आणि म्हणूनच ही युक्ति इतर कागदांहून प्लॅटिनमला अधिक मानवली. खिशांतल्या लहान कॅमेऱ्यानें टिपलेल्या क्षणाची हातभर प्रत प्लॅटिनममध्यें काढतां येते. चाळीस रत्तलांचें सामान वाहणाऱ्याला जो क्षण कधींच सांपडला नसता तो क्षण या धातूंत प्रथमच येऊं शकतो. हा लाभ लहान नव्हे.

एक गोष्ट मात्र गेली, आणि तिच्याविषयीं कोणी बोलत नाहीं म्हणून येथें नोंदवितों. जुना छायाचित्रकार निगेटिव्ह खिडकीशीं धरून वाची. कोठें दाट, कोठें विरळ, प्रत कशी येईल, हें त्याच्या डोळ्यांस कळे. गवयास कागदावरील चीज पाहून ती मनांत ऐकूं यावी तसें. डिजिटल निगेटिव्ह अशी वाचतां येत नाहीं. जंबुपार किरणांना कोणता रंग अडवितो याचा आपल्या डोळ्यांस दिसणाऱ्या गडदपणाशीं संबंध थोडा. फिकट पिवळट-हिरवट दिसणारा भाग त्या किरणांपुढें भिंतीसारखा उभा राहतो, आणि डोळ्यांस त्याहून गडद वाटणारा एखादा जांभळा भाग त्यांना वाट देतो. म्हणून कित्येकजण मुद्दाम हिरव्या किंवा नारिंगी निगेटिव्ह छापतात. ती हातांत घेऊन पाहणाऱ्यास कांहींच बोध होत नाहीं. तिचा खरा वाचक दिवा. आणि छापणाऱ्यास जो कांहीं विचार करावयाचा तो त्यानें अगोदर, पडद्यापुढें, करून टाकलेला असतो.

येथून मूळ प्रश्नाकडे वळूं. इमर्सनचा आक्षेप असा होता कीं छटांचें परस्पर प्रमाण छायाचित्रकाराच्या स्वाधीन नाहीं, म्हणून ही कला नव्हे. आज तें संपूर्ण स्वाधीन आहे. आकाश दोन छटांनीं उतरवा, झाडी अर्ध्या छटेनें चढवा, एकट्या पापणीखालची सांवली उजळा. निगेटिव्ह सांगाल तशी होईल आणि प्लॅटिनम तिला प्रामाणिकपणें मान देईल. मग इमर्सनच्याच तर्कानें, १८९१ मध्यें जी कला मेली ती आतां जिवंत झाली असें म्हणावयाचें काय? तसें म्हणवत नाहीं, आणि कां म्हणवत नाहीं याचें उत्तर इमर्सनच्याच देशांत, त्याच्या माघारीनंतर बारा वर्षांनीं एका पुस्तकविक्यानें देऊन ठेवलें आहे.

फ्रेडरिक एव्हान्स याचें लंडनमध्यें पुस्तकांचें दुकान होतें. तें १८९८ मध्यें सोडून त्यानें सारें लक्ष छायाचित्रणाकडे लावलें. १९०३ सालीं वेल्सच्या कॅथीड्रलमध्यें त्यानें एका जिन्याचें चित्र घेतलें. शतकानुशतकें पावलांनीं झिजलेल्या पायऱ्या समुद्राच्या लाटांसारख्या वर चढत जातात आणि शेवटीं कमानीखालच्या उजेडांत विसावतात. 'पायऱ्यांचा समुद्र' हेंच त्या चित्राचें नांव. त्याची प्लॅटिनमची प्रत पाहतांना प्रथम लक्षांत येतें तें असें कीं, तिच्यांत खरा काळा जवळजवळ नाहींच. दगड राखाडी, सांवली राखाडी, उजेडहि राखाडीचाच एक प्रकार. तरी प्रत्येक पायरीची कड निराळी कळते. निगेटिव्हची किंवा प्रतीची खुडबूड एव्हान्सला मान्य नव्हती. हर्टर-ड्रिफील्डचा नियम त्याला इतरांइतकाच लागू होता आणि त्यानें तो मोडावयाचा प्रयत्नहि केला नाहीं. उजेड कोणत्या घटकेला कसा फिरतो तें पाहत तो त्या त्या मंदिरांत दिवसचे दिवस घालवी. छटांचें प्रमाण त्याच्या स्वाधीन नव्हतें. कोणत्या प्रमाणासमोर कॅमेरा उभा करावयाचा हें होतें. इमर्सनची चूक येथें उघडी पडते. कर्तृत्व छटा हलविण्यांत आहे असें त्यानें धरलें, म्हणून ती हलत नाहीं असें कळतांच तो हताश झाला. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनीं ज्याला औचित्य म्हटलें तें छटा हलविण्याच्या शक्तीनें येत नाहीं आणि ती शक्ति गेल्यानें जातहि नाहीं.

डिजिटल निगेटिव्हच्या भक्तांची चूक हीच, फक्त उलट्या अंगानें. सत्ता मिळाली म्हणजे साध्य मिळालें असें त्यांस वाटतें. त्यांच्या बोलण्यांत व लिहिण्यांत वक्ररेषा बिनचूक बसविण्याचा जो ध्यास दिसतो त्याचें मूळ येथें आहे. पडद्यावर समान अंतराच्या ज्या पायऱ्या आहेत त्या कागदावरहि समान अंतरानें याव्यात, अशी रेषा सर्वांत शुद्ध मानतात. गणित म्हणून ती शुद्ध आहेच, आणि कामाचा आरंभ तिनें करणें शहाणपणाचेंहि आहे. परंतु प्लॅटिनमचा स्वतःचा असा एक स्वभाव आहे: अगदीं काळोखांतील छटा तें हळुवारपणें, एकमेकींस चिकटवून देतें, आणि उजेडांतील छटा लांबवून, तलम करून देतें. त्या स्वभावामुळेंच एव्हान्सच्या सांवल्या डोळ्यांवर आदळत नाहींत. समान पायऱ्यांची रेषा लादली कीं हा स्वभाव हिशेबानें पुसला जातो. चांदी, प्लॅटिनम, साध्या मॅट कागदावरची शाई, सगळ्यांकडून एकच चाल वदवून घेतली कीं तिन्ही प्रती छटांच्या बाबतींत सख्ख्या बहिणी होतात. प्लॅटिनमजवळ मग आपला म्हणावा असा रंग आणि पोत एवढेंच उरतें. ज्याच्यासाठीं एवढा खटाटोप केला तेंच खटाटोपानें घालविलें.

आणि पडद्याशीं प्रत जुळविण्याच्या हट्टाविषयीं काय बोलावें! पडदा स्वतः उजेड फेंकतो व त्याचा काळा आणि पांढरा यांत शेंकडों पटींचें अंतर असतें. कागद दुसऱ्याचा उजेड उसना घेतो, आणि त्याची मिळकत वर सांगितली तेवढी, पंचवीस-तीस पटींची. पडद्यावर जें चित्र झळाळत होतें तें कागदावर 'तसेंच' यावें अशी अपेक्षा धरणाऱ्यास दोनच वाटा: निराशा, किंवा मधल्या छटा ताणून ओढून आणलेली खोटी तेजी. आज पाहावयास मिळणाऱ्या पुष्कळ प्रतींत दुसरी वाट धरलेली दिसते. आकाशांत ढगांचे कंगोरे कोरल्यासारखे, सांवल्या बळेंच उघडलेल्या, प्रत्येक पान वेगळें. प्लॅटिनमला जें गप्प बसणें साधतें तें त्यास करूं दिलेलें नसतें. ज्यांनीं रेषेला केवळ आरंभ मानलें, पहिली प्रत वाळवून दोन दिवस भिंतीवर ठेवली, आणि मग चित्राची मागणी ओळखून रेषा थोडी वांकविली, त्यांच्या प्रती लगेच वेगळ्या ओळखूं येतात. वेळ आणि कागद त्यांचेहि खर्च होतात. यंत्रानें ते वांचविले होते, ते त्यांनीं पुन्हां खर्चास काढलेले असतात.

तेव्हां टीकाकारानें विचारावयाचा प्रश्न, निगेटिव्ह कोठून आली हा नव्हे. हें चित्र प्लॅटिनममध्यें कां, हा आहे. पेनच्या एका चित्रमालेंत त्याचें चोख उत्तर मिळतें. १९७२ मध्यें त्यानें रस्त्यावरून उचललेलीं सिगारेटचीं थोटकें छायाचित्रासाठीं मांडलीं, दोन, तीन, एखादेंच, चुरगळलेलीं, भिजलेलीं. त्यांच्या जवळजवळ दोन फूट उंचीच्या प्रती त्यानें प्लॅटिनममध्यें छापल्या आणि १९७५ मध्यें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत मांडल्या. ज्या पद्धतीनें कॅथीड्रल छापावयाची तिनें पायाखालचा केर छापला होता. तरी त्यांत चेष्टा नाहीं. कागदाची फाटलेली कड, तंबाखूचे बाहेर आलेले तंतू, ओठांनीं दाबलेला भाग, यांवर प्लॅटिनमनें तेंच ममत्व दाखविलें आहे जें एव्हान्सच्या दगडांवर. आणि आपण ज्याकडे पाहिलेंहि नसतें त्याकडे पाहत राहतों. तीं चित्रें चांदींत असतीं तर आकाराचे चांगले नमुने झालीं असतीं. येथें धातु आणि विषय यांचें वैर हाच चित्राचा अर्थ आहे. या पलीकडे, एखाद्या सामान्य निसर्गदृश्यास भारदस्तपणा यावा म्हणून त्यास प्लॅटिनम नेसविणें म्हणजे लग्नांतला शालू बाजारास नेसून जाण्यासारखें आहे. शालू खरा असतो, प्रसंग नसतो.

टिकाऊपणाची प्रौढी येथेंच निकालांत काढावी. प्लॅटिनम हवेनें गंजत नाहीं, चांदीसारखें पिवळें पडत नाहीं, हें खरें. विक्रेते म्हणूनच हजार वर्षांच्या गोष्टी सांगतात. परंतु चित्र कागदांत आहे, आणि कागदाचें आयुष्य कागदाएवढेंच. शिवाय या धातूची एक खोड आहे. तो शेजारच्या कागदाच्या जीर्णतेस चालना देतो. जुन्या ग्रंथांत प्लॅटिनमच्या प्रतीसमोरील कोऱ्या पानावर तिचीच फिकट तपकिरी, उजवें-डावें उलटलेली छाया उमटलेली दिसते. कोणीहि न काढलेलें तें दुसरें चित्र कधीं कधीं पहिल्याइतकें सुंदर असतें, हा भाग वेगळा. पण टिकणें हा गुण पेटीचा असतो. पेटींत काय आहे तें निराळें पाहावें लागतें.

शेवटीं एका फॅशनविषयीं. आज प्लॅटिनमच्या बहुतेक प्रतींभोंवतीं कुंचल्याच्या फटकाऱ्यांची काळी, वेडीवांकडी किनार मुद्दाम राखलेली असते. निगेटिव्हच्या बाहेर जेवढें मिश्रण पसरलें तेवढें दिव्याखालीं काळें होतें, आणि तें झांकण्याऐवजीं मिरविण्याचा प्रघात पडला आहे. पाहणारास त्यावरून कळावें कीं हें काम हातानें झालें. ज्या प्रतीचा प्रत्येक छटेचा निर्णय संगणकापुढें झाला तिच्यावर ही किनार अधिकच आवर्जून दिसावी यांत नवल नाहीं. हाताचा पुरावा जेथें कमी तेथें तो अधिक मोठ्यानें सांगावा लागतो. जुन्यांचा आधारहि या प्रघातास नाहीं. इमर्सन, एव्हान्स, वेस्टन यांच्या काळीं प्लॅटिनमचा कागद कारखान्यांत लेपलेला, तयार विकत मिळे. त्यांनीं त्यावर कुंचला फिरविला नाहीं आणि त्यांच्या प्रतींना अशी झालर नाहीं. एव्हान्स तर प्रतीच्या कडा नीट कापून, मंद रंगांचे कागद एकाखालीं एक बसवून त्यांवर ती चिकटवी. महायुद्धानंतर हा कागद मिळेनासा झाला, तेव्हां त्यानें छायाचित्रणच सोडून दिलें. आजच्या छापणारानें प्रत चौकटींत घालण्यापूर्वीं ती किनार माउंटाखालीं झांकून एकदां पाहावी. उरलेल्या चित्राकडे बोट दाखवून, प्लॅटिनमचा खर्च कशासाठीं केला हें त्यास सांगतां येत असेल, तर किनार पुन्हां उघडी करण्यास आमची हरकत नाहीं.